निळी फुप्फुसं

कुंदा,

तुमच्या वळ गावच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. भाच्याच्या हळदीतला फोटो घेतलाय आणि चेहरा इतका गोरा केलाय, की मी रिक्षातून परत वळून पाहिलं तेव्हा कुठे ओळखलं. खाली 'शोकाकुल' म्हणून तुझ्या भावकीतली पोरं आहेत, गॉगल लावलेली, आणि तुझ्यापेक्षा तीच ठळक दिसतात. तू शेजारी असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, मेलं कोण, मी का ही पोरं?" आणि कल्याण नाका येईपर्यंत हसत राहिली असतीस. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "कोई पहचान का था क्या?" मी नुसती मान हलवली.

बॅनरवर 'थोर शास्त्रज्ञ' लिहिलंय. जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं तिथे आहे, ते मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धवट राहिलं, आणि काम अर्धवट टाकून जायची तुझी रीत नव्हती. म्हणून रागावलेय तुझ्यावर. रडणं येतंय ते वेगळं, राग वेगळा.

तुझं पोटातलं दुखणं फार उशिरा कळलं. नेमकी त्याच दिवसांत स्वाइन फ्लूची साथ आली, आणि ठाण्याच्या हॉस्पिटलने भेटणाऱ्यांना वर सोडायचं बंद केलं. मी खाली लिफ्टपाशी मोसंबी घेऊन उभी. तोंडाला हिरवा मास्क बांधलेला वॉचमन म्हणाला, "मॅडम, फ्लू है, ऊपर मना है." त्याला काय सांगणार? की बाबा, वर जी बाई पडलीय तिने आणि मी मिळून याच फ्लूसाठी नाकातली लस करायला आयुष्याची चांगली वर्षं घातलीत? त्याने मोसंबी ठेवून घेतली. तुला मिळाली की नाही ते आता कोणाला विचारू?

मग राहिला तो फोन. तुझ्या भाचीने तो तुझ्या कानाशी धरला होता. आजारी माणसाशी गोड बोलावं एवढी अक्कल मला आहे, पण सुरुवात तू केलीस. "सरांचा फोन आलता ना तुमाला?" म्हणालीस. मी हो म्हटलं; शेडचे सर आपली जुनी लस परत काढायची म्हणत होते. तू म्हणालीस, "न्हाय म्हनून सांगा." मी म्हटलं, "कुंदा, एकदा ऐकून तरी घे." पुढे तुझा खोकला, भाचीचा आवाज, आणि फोन बंद. मला काय सांगायचं होतं ते तू ऐकलंच नाहीस. ते आता इथे ऐक.

आपण भेटलो ते कोंबडीच्या पिल्लांमुळे. वळच्या गोदामांच्या रांगेत सरांची ती पत्र्याची शेड, एका बाजूला कापडाचे तागे, दुसऱ्या बाजूला टाइल्सचं गोदाम, आणि मधे आपण, राणीखेत रोगाची लस करणारे. पिल्लाच्या नाकात एक थेंब टाकला की ते जगतं, एवढंच आपलं शास्त्र. मी अंड्यांमध्ये विषाणू वाढवायची, तू जनावरांची खोली सांभाळायचीस. मी भिवंडी गावातली, ब्राह्मण आळीतली, डब्यात पोळी-भाजी. तू वळची, आगरी घरातली, आणि डब्यात जवळ्याचं कालवण. पहिल्याच आठवड्यात तू झाकण उघडलंस, तेव्हा मी खुर्ची खिडकीकडे सरकवली. तू म्हणालीस, "ताई, विषाणू हुंगता आन् जवळ्याला नाक मुरडता." त्या दिवसापासून मी खुर्ची हलवली नाही.

मग बर्ड फ्लू आला, कोंबड्यांचा धंदा बसला, आणि सरांच्या डोक्यात शिरलं की पिल्लांना नाकातून देतो तशी माणसांना फ्लूची लस का देऊ नये. कल्पना वेडी नव्हती. फ्लू दरवर्षी अंगावरचे कपडे बदलून येतो, म्हणून दंडात दिलेली गेल्या वर्षीची लस यंदा त्याला ओळखत नाही. पण त्याचं आतलं शरीर फारसं बदलत नाही, आणि तो येतो तो नाकावाटेच. तेव्हा दुबळा केलेला विषाणू नाकातच सोडायचा, शरीराला त्याची आतली ओळख पटू द्यायची, म्हणजे उद्या वेगळे कपडे घालून आला तरी तो पकडला जाईल. एक लस, सगळ्या जातींचे फ्लू. सर हे सांगताना उभे राहायचे. थोडं सरकारी अनुदानही मिळालं. लोडशेडिंगमध्ये अंड्यांची पेटी गार पडू नये म्हणून जनरेटर आला. त्याचा आवाज पलीकडच्या पॉवरलूमच्या खडखडाटात मिसळून गेला की तू म्हणायचीस, "घ्या, आपला बी कारखाना झाला."

उंदरांना लस द्यायचं काम तुझं. मला उंदरांच्या केसांनी दमा उसळतो, म्हणून मी त्या खोलीत पाय ठेवत नसे. काचेतून फक्त तुझी पाठ दिसायची आणि हनुवटीवर लोंबणारा मास्क. मी कितीदा ओरडले असेन त्या मास्कवरून. तू म्हणायचीस, "दुबळा इषाणू हाय ताई, मना काय खातोय." खरा फ्लू द्यायची परवानगी आपल्या शेडला नव्हती, त्यासाठी लस दिलेले उंदीर पिंजऱ्यांतून मुंबईच्या एका संस्थेत जायचे. तिथे त्यांना मुद्दाम वेगळ्याच जातीचा फ्लू द्यायचे, जो आपल्या लसीत नव्हता. बिनलशीचे मरायचे. तुझे जगायचे. केस पिंजारून, अंग चोरून बसायचे, पण पुढच्या आठवड्यात खायला लागायचे. पुन्हा केलं, पुन्हा जगले. सरांनी पेढे वाटले, आणि सकाळी दारात दूधवाल्यालासुद्धा सांगितलं की वळमध्ये जगातल्या सगळ्या फ्लूंवर लस निघालीय.

मग दक्षिणेतल्या एका संस्थेने आपली लस मागवली, आपण लिहून दिलं तसंच्या तसं केलं, आणि कळवलं की त्यांचे सगळे उंदीर मेले.

तू तेव्हा जी पेटलीस ती मला आवडली होती, आज कबूल करते. बर्फ वितळला असेल, थेंब पडला नसेल, त्यांना उंदीर धरता येत नसेल. मी तुझ्या बाजूने सरांशी भांडले. दुसऱ्या वेळी लस बर्फात नीट बांधून मी स्वतः पाठवली. परत तेच झालं. तू जेवण सोडलंस.

त्याच दिवसांत माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तू नातीला बघायला आलीस, झबलं आणि घरचे तांदूळ घेऊन. न्हाऊ घालणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. तू साडीचा पदर खोचलास आणि म्हणालीस, "त्यात काय, आमचे घरचाच धंदा हाय." तुझी आई. अख्ख्या वळमधली तान्ही पोरं तिच्या पायांवर न्हाली, म्हणून सगळं गाव तिला आये म्हणतं. तू पाटावर बसलीस, पाय लांब केलेस, पोरीला त्यांवर उताणं घेतलंस. काय सुरेख हात चालत होते तुझे. टाळूला तेल, कानांत तेल, मग डोकं जरा मागे लोंबतं ठेवून नाकात तेलाचा थेंब, आणि लगेच तिच्या तोंडावर एक हलकी फुंकर. पोरगी क्षणभर थांबली आणि तिने भला मोठा श्वास आत ओढला. "बघा कशी पिऊन घेतली," तू म्हणालीस.

मी टॉवेल घेऊन उभी होते. तू दुसऱ्या नाकपुडीत थेंब टाकायला हात उचलला होतास, तो तसाच राहिला. कोणी आधी विचारलं ते आठवत नाही, पण विचारलं मीच असणार, कारण तुझा चेहरा पडलेला मला दिसतोय. "कुंदा, उंदरांना पण अशीच फुंकर मारतेस?" तू म्हणालीस, "कधी लक्षातच न्हाय आलं. हात करतोय."

म्हणून मास्क हनुवटीवर. आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं, कारण पद्धत लिहिताना आपण थेंब लिहिला, उंदीर कसा धरायचा ते लिहिलं, सुई किती बारीक ते लिहिलं. फुंकर कोण लिहितं?

सोमवारी दमा झाला तर झाला म्हणून मी तुझ्याबरोबर आत आले. लसीच्या जागी निळा रंग घेतला. काही उंदरांना नुसता थेंब, काहींना थेंब आणि फुंकर. मग उघडून पाहिलं. नुसत्या थेंबाच्या उंदरांचं नाक निळं, फुप्फुसं गुलाबी. तुझ्या फुंकरीच्या उंदरांची फुप्फुसं खालपर्यंत निळी. फुंकर लागली की उंदीर श्वास धरतो आणि मग असा ओढतो, की नाकातलं सगळं छातीत उतरतं. पुढे लस देऊनही तसंच करून पाहिलं आणि उंदीर मुंबईला पाठवले. फुंकरीचे जगले. बाकीचे मेले. आपली नाकातली लस नाकात काहीच करत नव्हती. करत होती ती फुप्फुसात, आणि तिथे ती तुझ्या श्वासाने जात होती.

मला त्या सोमवारी आनंद झाला होता, कुंदा. हे तुला कधी नीट सांगितलं नाही. मला वाटलं, कोडं सुटलं. पहारा फुप्फुसात बसला तर फ्लू कुठल्याही कपड्यांत येवो, मरण टळतं. हे काय थोडं आहे? मी बोलत सुटले. वाफाऱ्यासारखं काही करता येईल, फवारा करता येईल, माणसाला खोल श्वास घ्यायला सांगता येईल. आणि बोलता बोलता पाहिलं तर तू अंड्यांच्या उपड्या क्रेटवर बसली होतीस आणि त्या निळ्या फुप्फुसांकडे बघत होतीस.

"आये पोरांना तेल घालते," तू म्हणालीस. "मंजे तेल बी तिथंच जात असंल."

तेल फुप्फुसात गेलं तर काय होतं ते आपल्याला दोघींनाही ठाऊक होतं. तान्ह्याची छाती भरते. तुझ्या पाठचा भाऊ तसाच गेला होता, दोन महिन्यांचा, छाती भरून. तू मला ते एकदा सहज सांगितलं होतंस, डबा खाताना, गावात किती पोरं दगावायची त्याबद्दल बोलताना. मी म्हटलं, तेलानेच झालं असं कोण सांगेल? त्या काळी पोरं शंभर कारणांनी जायची. हजारो पोरं त्याच तेलावर वाढली, तूसुद्धा. तू म्हणालीस, "व्हय. पन तेलानं न्हायच झालं, असं बी कोन सांगंल?"

त्या दिवशी तू माझ्याकडून शब्द घेतलास. "आयेला हे कवा कळता कामा नये. मी मेले तरी." मी शब्द दिला. घरी आले आणि नातीला कुशीत घेऊन तिच्या छातीला कितीतरी वेळ कान लावून बसले. लेक विचारत राहिली काय झालं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून नाकातलं तेल बंद. तू आयेचं बंद केलंस ते जास्त हुशारीने. डॉक्टरांचा नवीन नियम आलाय म्हणालीस, आणि म्हातारी कुरकुरत का होईना ऐकायला लागली. वळच्या त्या पुढच्या पोरांनी तुझे आभार मानायला हवेत, पण त्यांना काय माहीत.

सरांनी सांगितलं, जरा थांबू, आत्ताच कोणाला बोलू नका. तू थांबली नाहीस. अनुदान देणारे लोक आले होते, टेबलावर समोसे होते, सर पडद्यावर तुझे जगलेले उंदीर दाखवत होते. तू उठलीस आणि एकदम शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणालीस, "हा निकाल लसीचा नाही. माझ्या एका सवयीचा आहे." आणि सगळं सांगितलंस. सवय कुठून आली एवढं सोडून. 'माझी सवय' म्हणालीस, 'माझी चूक' म्हणालीस. मी मागे बसले होते. इतकी सरळ उभी राहिलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्याच वेळी मला तुला खाली ओढून बसवावंसं वाटत होतं.

अनुदान थांबलं. शेड परत पिल्लांच्या थेंबांवर आली. आणि वळमध्ये काय पोचलं, तर कुंदाचं औषध खोटं निघालं. गावाला एवढंच कळतं. देवळापाशी बायका कुजबुजायच्या, तुझा चुलता तोंडावर म्हणाला, "साहेबाचं वाटोळं केलंस." तू मला सांगताना हसत होतीस. मला हसू आलं नाही.

आणि मग आपलं भांडण. महिनोन्महिने. जेवताना, एस.टी. स्टँडवर, त्या रविवारी वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा गरम कुंडात पाय सोडून बसल्या बसल्याही. मी म्हणायची, यात चूक कसली, हा शोध आहे. जिथे पहारा बसवायला हवा ती जागाच तुझ्या फुंकरीने दाखवली. तू म्हणायचीस, जित्या माणसाच्या फुप्फुसात मी काही घालणार नाही, दुबळं असो की मेलेलं असो. दम्याची माणसं आहेत, तान्ही आहेत. "तुमचाच दमा घ्या ना, ताई. तुमाला घालू काय?" मी म्हणायची, घाल. तू म्हणायचीस, "दुधानं तोंड पोळलंय माजं. मना ताक दाखवू नका." मी चिडून म्हटलं की तू शास्त्र सोडून भावाचं सुतक धरून बसलीयस. तू पाय कुंडातून काढलेस, पुसलेस, आणि चप्पल घालून थेट बस स्टँडवर गेलीस. बसमध्ये शेजारीच बसलीस म्हणा. अर्ध्या वाटेत चणे पुढे केलेस.

मला आजही वाटतं तू चुकलीस. निकाल खोटा म्हणून सांगितलास ते बरोबर, हजार वेळा बरोबर. पण त्याच्यापुढचं दार तू लावून घेतलंस ते भीतीने. भीती खरी होती, कारण होतं, सगळं मान्य. पण या साथीत माणसं जी मरतायत ती नाक गळून मरत नाहीत, फुप्फुसं भरून मरतायत. आमच्या आळीतला शिंप्याचा तरणा मुलगा गेला. त्याच्या आईचा आवाज लूमच्या वर ऐकू येत होता. मी खिडकी लावून घेतली आणि तुझ्याशी मनातल्या मनात भांडत बसले, की आपण ती पाच-सहा वर्षं त्या एका प्रश्नामागे घालवली असती तर. कदाचित काहीच निघालं नसतं. नव्वद टक्के नसतंच निघालं. पण मला ते फोनवर म्हणायचं होतं, आणि तू आधी खोकलीस.

काल तुझा दहावा झाला.

सर आले होते, पांढऱ्या कपड्यांत. ओट्यावर मला बाजूला घेतलं. साथीमुळे नाकातल्या लसींसाठी आता सगळीकडून विचारणा होतेय, त्यांना नवा अर्ज करायचाय. तुझे जगलेले उंदीर त्यात घालायचेत. अर्जावर माझी सही हवी, कारण अंडी माझी, विषाणू माझा. "फुंकरीचं कशाला काढायचं आता?" ते म्हणाले. "पुढे बघू तेव्हा बघू. आणि वीणाताई, हरकत घेणारी तर गेली."

मी म्हटलं, "एक उरलीय." ते मला समजावू लागले. मी म्हटलं, उंदीर घाला, पण त्याच पानावर हेही घाला की फुंकर नसली तर सगळे मेले. मग मी सही करते, आणि फुप्फुसाचं काम करायचं असेल तर या वयात परत शेडमध्येही येते. ते म्हणाले, तसं लिहिलं तर छदाम मिळणार नाही. मी म्हटलं, मग मिळू नये. बघ, तुझ्याशी इतकी वर्षं भांडले आणि शेवटी उभी राहिले ती तुझ्याच जागेवर. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, म्हणू नकोस.

सर मुरलेले आहेत. ते आत गेले. आये भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही तिला, पण कान शाबूत आहेत. सर तिच्यापुढे वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आये, कुंदाचं काम परत सुरू करतोय. तिच्याच नावाने. तिची लस खरी होती. फक्त वीणाताईंनी हो म्हणायचंय."

तुझा चुलता पुढे सरकला. आयेने मान वर केली, आणि तुझी शपथ, दहा दिवसांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ताई," ती म्हणाली, "मंजी माजे पोरीचा औषद खरा व्हता?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. हो म्हणणं किती सोपं होतं, कुंदा. एक हो, आणि गावाची तोंडं बंद, म्हातारी सुखाने डोळे मिटणार. सर माझ्याकडे बघत होते, त्यांना वाटलं जिंकले. मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "आये, औषध खोटं नव्हतं. पण नुसतं नाकात घालून ते काम करत नव्हतं. खाली छातीत पोचलं तरच करायचं. आणि माणसाला तसं कसं द्यायचं, ते आम्हाला येत नाही. हे कुंदानेच शोधून काढलं आणि तिनेच भर सभेत सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. म्हणून ते बंद पडलं. ती खोटं बोलली नाही, एवढं गावाला सांगा."

सर चपला घालून निघून गेले. कोणीतरी आत भात शिजला का ते बघायला उठलं. मला वाटलं, संपलं. म्हातारी माझा हात धरून होती, अंगठा माझ्या नखांवरून फिरवत होती. मग तिने विचारलं, अगदी साधं, जे कुठल्याही मोठ्या माणसाने सभेत विचारायला हवं होतं.

"मंग तिचे उंदरांना कसा पोचला?"

तुझा भाऊ आठवला, ज्याला मी कधी पाहिलं नाही. तिचे पाय आठवले, ज्यांवर सगळं वळ न्हालं. तुला दिलेला शब्द होता आणि खोटं बोलायचं नव्हतं, आणि दोन्हींच्या मधे पाय ठेवायला इतकीशी जागा होती.

"तिचा हातगुण होता, आये," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला. आपले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू.

"त्यो माजा," ती म्हणाली. "माजेकडनाच गेला तिला."

"हो, आये," मी म्हटलं. "तुमचाच."